वाट पाहण्यापासून वाट काढण्यापर्यंत : सीमाभागातील एका विवाहितेचे प्रकरण

बेळगावहून वेंगुर्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्याला, हिंडलग्यापासून पुढे चंदगड तालुक्याच्या हद्दीपर्यंत जी मराठी भाषक गावे लागतात, त्यांपैकी एका गावातील अडतीस वर्षांच्या विवाहितेचे हे प्रकरण आहे. ओळख पटू नये म्हणून गावाचे नाव दिलेले नाही आणि वय, कुटुंब व कामाविषयीचे काही तपशील बदलले आहेत. लेखात त्यांचा उल्लेख 'ताई' असा केला आहे, कारण समुपदेशनाच्या सगळ्या काळात मी त्यांना ताईच म्हणत होते.

हे प्रकरण लिहून काढावेसे वाटले ते एका प्रश्नामुळे. नवऱ्याची मारहाण वर्षानुवर्षे सोसणाऱ्या बाईला आपण 'आशा सोडू नका' असे सांगतो, तेव्हा तिने नेमकी कोणती आशा धरावी असे आपल्या मनात असते? ताईंनी आशा कधीच सोडली नव्हती. सोळा वर्षे त्या एका आशेवरच त्या घरात राहिल्या होत्या, आणि त्यांचे मन खचण्यात त्या आशेचाही वाटा होता, असे माझे मत झाले आहे.

पार्श्वभूमी

ताईंचे माहेर चंदगड तालुक्यात आणि सासर बेळगाव तालुक्यात. दोन गावांमधले अंतर एसटीने तासाभराचे, पण मध्ये राज्याची हद्द. सीमाभागात अशा सोयरिकी पिढ्यान्‌पिढ्या होत आल्या आहेत आणि लग्न ठरवताना ही हद्द कुणी विचारातही घेत नाही. ती आडवी येते ती कागदपत्रांच्या वेळी. ताईंच्या आधार कार्डावर माहेरचा, म्हणजे महाराष्ट्रातला पत्ता राहिला होता. सासरच्या रेशन कार्डात त्यांचे नाव चढले होते, परंतु कार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून सासूचे नाव असल्याने कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे दरमहा २,००० रुपये सासूच्या खात्यावर जमा होत. ११ जून २०२३ पासून कर्नाटकातील स्त्रियांना राज्य परिवहनाच्या साध्या बसमधून मोफत प्रवास मिळू लागला, मात्र त्यासाठी कर्नाटकातील पत्त्याचे ओळखपत्र दाखवावे लागते. ताईंजवळ तसे एकच होते, मतदार ओळखपत्र, आणि ते सासूच्या ट्रंकेत कुलपात असे. मतदानाच्या दिवशी ते हातात मिळे आणि संध्याकाळी परत जागेवर जाई. त्यामुळे गल्लीतल्या बाकीच्या बायका फुकट बेळगावला जाऊन येत असताना ताईंना तिकिटाचे पैसे नवऱ्याकडे मागावे लागत, आणि मागितले की कुठे जायचे, कुणाला भेटायचे, किती वाजता परतायचे, ही चौकशी आलीच.

हद्दीपलीकडच्या एका काजू कारखान्यात त्या काजू फोडण्याचे काम करीत. काजूच्या टरफलातून निघणारा चीक कातडी भाजतो. राख किंवा तेल लावून काम केले तरी बोटांची टोके काळी पडतात आणि सोलवटतात. पहिल्या भेटीत त्या दोन्ही हात पदराखाली घेऊन बसल्या होत्या, तो मला मारहाणीचे वळ लपवण्याचा प्रयत्न वाटला. प्रत्यक्षात त्यांना बोटांची लाज वाटत होती. वळ मानेवर होते आणि ते झाकावेत हे त्यांच्या ध्यानातही नव्हते. पगार झाला की पाकीट न उघडता नवऱ्याच्या हातात द्यायचे, असा घरातला शिरस्ता होता.

नवरा एका फौंड्रीत मोल्डिंगचे काम करतो आणि दारू पितो. गावात आणि माहेरीही मारहाणीचे कारण म्हणून दारूकडेच बोट दाखवले जात असे. मला हे कारण पटत नाही. पिऊन कामावर गेल्याबद्दल फोरमनने त्याला दोनदा घरी पाठवले होते, पण त्याने फोरमनवर कधी हात उगारला नाही. गल्लीतल्या कुणाशी त्याची मारामारी नाही. हात कुणावर उचलायचा हे पिऊनही ज्याला नेमके कळते, त्याच्या मारहाणीचा दोष दारूवर ढकलून आपण त्याला सूट देत असतो.

मारहाण लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी सुरू झाली होती. पुढे तिला बाकीच्या गोष्टी जोडल्या गेल्या. माहेरी जाणे बंद झाले. मोबाईल रोज रात्री तपासला जाऊ लागला. पुरुषांशी बोलते म्हणून कारखान्याच्या फाटकाशी उभे राहून पाळत ठेवणे सुरू झाले. तीन वर्षांपूर्वी एका भांडणात ताई खोलीत शिरल्या आणि आतून कडी लावून बसल्या, तर दुसऱ्या दिवशी नवऱ्याने स्क्रू काढून ती कडीच उचकटून नेली. दाराच्या फळीवर चार भोके तेवढी राहिली. माझ्याकडे येण्याच्या महिनाभर आधी त्याने गळा दाबला होता. हे ताईंनी अगदी सहज, बोलता बोलता सांगितले. "जीव गेला न्हाई, सोडला लगेच," असे त्या म्हणाल्या. गळा दाबणे ही जिवावर बेतण्याची मोठी पूर्वसूचना मानली जाते, आणि बाहेर खूण दिसली नाही तरी आत इजा असू शकते, म्हणून त्याच दिवशी त्यांची वैद्यकीय तपासणी करून घेतली आणि तिची लेखी नोंद ठेवायला सांगितले.

पहिली भेट आणि माझी चूक

ताई मारहाणीची तक्रार घेऊन आल्याच नव्हत्या. डोके ठणकते, रात्री डोळा लागत नाही, छातीत धडधडते, 'बीपी वाढलाय का बघा' म्हणून त्या प्राथमिक आरोग्य केंद्रात वर्षभर फेऱ्या मारत होत्या. तिथल्या डॉक्टरांनी मानेवरचे वळ पाहून त्यांना माझ्याकडे पाठवले. बहुतेक बायका याच वाटेने येतात. शरीराचे दुखणे सांगता येते, त्याला कुणी नावे ठेवत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी केवळ १४ टक्के स्त्रियांनी कुणाची मदत मागितली होती.

त्यांचे ऐकून झाल्यावर मी म्हणाले, "ताई, धीर धरा, सगळं ठीक होईल." त्यांनी मान डोलावली आणि पुढची पंधरा मिनिटे त्या काहीच बोलल्या नाहीत. पुढच्या भेटीत त्याचा उलगडा झाला. माहेरच्या बैठकीत, गल्लीतल्या पंचांसमोर आणि तक्रार द्यायला गेल्या तेव्हा ठाण्यातही त्यांना हेच वाक्य ऐकवून घरी पाठवले होते. माझ्या तोंडून तेच आल्यावर त्यांनी मलाही त्याच रांगेत बसवले, आणि त्यांचे काही चुकले नाही. चूक माझी होती आणि ती प्रशिक्षण घेतलेल्या माणसाने करू नये अशी होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनात पहिली पायरी ऐकण्याची, पुढची गरजा विचारण्याची आणि त्यानंतरची 'तुमच्यावर विश्वास आहे, यात तुमचा दोष नाही' असे सांगण्याची आहे. सगळे ठीक होईल, हे आश्वासन त्यात कुठेच नाही, कारण ते देणे समुपदेशकाच्या हाती नसते.

मनाची अवस्था

दुसऱ्या भेटीत जागतिक आरोग्य संघटनेची पाच प्रश्नांची मनःस्वास्थ्य प्रश्नावली घेतली. गेल्या दोन आठवड्यांत मन प्रसन्न होते का, शांत वाटले का, अंगात उत्साह होता का, झोपून उठल्यावर ताजेतवाने वाटले का, रोजच्या जगण्यात मन रमले का, असे हे प्रश्न असून प्रत्येकाला ० ते ५ गुण देऊन बेरजेला ४ ने गुणतात. १०० पैकी ५० च्या खाली गुण आले की पुढची तपासणी करावी असा संकेत आहे. ताईंचे गुण त्याच्या कितीतरी खाली होते. चौथ्या प्रश्नावर त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "उठायला आधी झोपाय नको व्हय?" नैराश्याच्या नऊ प्रश्नांच्या चाचणीतील शेवटचा प्रश्न मरणाच्या विचाराविषयी आहे. त्याला त्यांनी 'काही दिवस' असे उत्तर दिले. त्या दिवशी त्यांना एकटे घरी पाठवले नाही. भावाला बोलावून घेतले आणि मानसोपचारतज्ज्ञांची तातडीची भेट ठरवली. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या साहाय्य वाणीचा १४४१६ आणि महिला साहाय्य वाणीचा १८१ हे दोन क्रमांक मोबाईलमध्ये ठेवणे धोक्याचे होते, म्हणून ताईंनी ते बचत गटाच्या पासबुकात, हप्त्यांच्या आकड्यांच्या ओळीत लिहून ठेवले.

अशा घरात राहणाऱ्या माणसाचे शरीर सतत पहाऱ्यावर असते. मोटारसायकलचा आवाज गल्लीच्या तोंडाशी आला की ताईंच्या पोटात गोळा येई. गाडी कशी बंद केली, चप्पल कशी काढली, यावरून त्या रात्रीचा अंदाज बांधत. हा अंदाज बहुधा बरोबर निघे, म्हणूनच तो सोडून देणे त्यांना जमत नव्हते. झोप न लागणे, मान आखडणे, बारीकसारीक आवाजाला दचकणे ही सगळी त्या पहाऱ्याची किंमत होती. त्याला केवळ आजार म्हणून झोपेच्या गोळ्या दिल्या असत्या तर पहारा उठला असता आणि धोका तसाच राहिला असता.

आशेचे दोन पत्ते

सी. आर. स्नायडर या कॅन्सस विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञाने १९९१ मध्ये प्रौढांमधील आशा मोजण्यासाठी बारा विधानांची श्रेणी मांडली. त्यांतील चार विधाने वाट सापडण्याविषयी, चार त्या वाटेने जाण्याच्या उमेदीविषयी, आणि उरलेली चार केवळ भरीची असतात, ती मोजली जात नाहीत. स्नायडर यांच्या मते आशेला आधी एक ध्येय लागते, मग तिथे पोहोचण्याच्या एकाहून अधिक वाटा दिसाव्या लागतात, आणि त्या वाटेने आपण जाऊ शकतो असे वाटावे लागते. नुसते 'बरे होईल' असे वाटणे त्यांच्या हिशेबात आशा ठरत नाही.

ही मांडणी ताईंच्या बोलण्याला लावून पाहताना मला मराठीतले दोन वाक्प्रचार सारखे आठवत राहिले, वाट पाहणे आणि वाट काढणे. ताईंची आशा अशी होती: "आज न्हाई उद्या शाणा हुईल. पोरगी मोठी झाली की सुदरंल." या आशेतले ध्येय नवऱ्याचे सुधारणे हे होते. तिथे जाणारी प्रत्येक वाट नवऱ्याच्या मर्जीतून जात होती आणि चालायचे होते ते त्याने. ताईंच्या वाट्याला फक्त वाट पाहणे येत होते. मारहाणीनंतर चार दिवस तो गप्प राही, मुलीसाठी खाऊ आणी, एकदा साडीही आणली. त्या चार दिवसांत आशा पुन्हा तरारून येई आणि पुढच्या माराला ती आधीपेक्षा खोल मोडे. सोळा वर्षे हे असे चालले होते. मोडली ती आपलीच चूक, आपणच कुठेतरी कमी पडलो, असा निष्कर्ष ताई दर वेळी काढत, आणि मनाला सर्वांत जास्त पोखरले ते या निष्कर्षाने.

म्हणून आशा वाढवण्यापेक्षा तिचा पत्ता बदलणे हे कामाचे सूत्र ठरवले. मात्र ते करताना एक भान ठेवावे लागते. बाईने उमेद धरली की सगळे साधेल, असे म्हटले तर न साधल्याचा दोष पुन्हा तिच्याच माथी जातो. हिंसा थांबवण्याची जबाबदारी हिंसा करणाऱ्याची आणि ती थांबवायला भाग पाडणाऱ्या यंत्रणेची आहे. सुरक्षिततेची सोय न करता आशेचे पाठ देणे मी गैर समजते.

पहिले ध्येय

ताईंना काय हवे आहे, असे विचारल्यावर पहिल्या तीन भेटींत त्यांनी एकही गोष्ट स्वतःसाठी मागितली नाही. मुलीची दहावी व्हावी, मुलाचे दात दाखवावेत, सासूच्या गुडघ्याचे बघावे. चौथ्या भेटीत बराच वेळ गप्प बसून त्या म्हणाल्या, "एक रात आतनं कडी लावून झोपायचं हाय."

इतके लहान ध्येय कागदावर उतरवताना मला आधी संकोच वाटला होता, पण पुढचे सगळे काम त्या चार भोकांभोवती फिरले. कडी बसवायची तर नवरा पुन्हा काढणार. त्याने काढू नये यासाठी न्यायालयाचा आदेश हवा. न्यायालयात जायचे तर बेळगावला जायला हवे. जायचे तर कुणाला न विचारता जाता यायला हवे. आणि त्यासाठी ट्रंकेतले ओळखपत्र. ताईंनी स्वतःच हा उलटा क्रम लावला. बचत गटाच्या बँक खात्यासाठी ओळखपत्राची प्रत लागते, ही खरीच गोष्ट सांगून त्यांनी सासूकडून कार्ड मागून घेतले आणि परत दिले नाही. सासूने दोनदा विचारले, तिसऱ्यांदा विचारले नाही. पुढच्या सोमवारी त्या एकट्या बेळगावला आल्या आणि माझ्या टेबलावर कंडक्टरने दिलेले शून्य रुपयाचे तिकीट ठेवले. ते त्यांनी घडी न घालता, हातात धरून आणले होते.

यादरम्यान सुरक्षेचा आराखडा ठरला. मारहाणीची चिन्हे दिसली की स्वयंपाकघरात थांबायचे नाही, कारण तिथे विळी आणि स्टोव्ह असतो. मुलीने शेजारच्या काकूंकडे जाऊन 'आईने साखर मागितली' म्हणायचे, म्हणजे काकू ११२ ला फोन करतील. आधार, मुलांचे दाखले आणि वैद्यकीय नोंदीची प्रत माहेरी भावाकडे. बाई विरोधात उभी राहते किंवा घर सोडायला निघते तो काळ सर्वांत धोक्याचा असतो, म्हणून अर्ज दाखल होण्याआधी हे सगळे तयार असणे आवश्यक होते.

कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्यातील कलम २७ प्रमाणे स्त्री कायमची वा तात्पुरती जिथे राहते, जिथे काम करते, प्रतिवादी जिथे राहतो किंवा घटना जिथे घडली, त्यांपैकी कोणत्याही ठिकाणच्या दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो आणि आदेश देशभर लागू होतो. सीमाभागातल्या बायकांना हे कलम कुणीतरी समजावून सांगायला हवे, कारण 'तुमचं माहेर महाराष्ट्रात, तिकडंच जावा' किंवा 'तुमचं सासर कर्नाटकात, आमच्या हद्दीत येत नाही' ही दोन्ही उत्तरे त्यांना ऐकायला मिळतात. ताईंना घर सोडायचे नव्हते, म्हणून त्यांनी बेळगावच निवडले. घर सासूच्या नावावर असल्याने तुला त्यात हक्क नाही, असे नवऱ्याने बजावले होते. कलम १७ प्रमाणे सामायिक घरात राहण्याचा हक्क मालकीवर अवलंबून नसतो, आणि घर नवऱ्याच्या नातेवाइकांच्या मालकीचे असले तरी ते सामायिक घर ठरू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने १५ ऑक्टोबर २०२० च्या निकालात सांगितले आहे. वकील विधी सेवा प्राधिकरणाकडून विनामूल्य मिळाला. स्त्रियांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

अर्ज आणि घटनेचा अहवाल कानडीत होता. ताईंना कामापुरते कानडी बोलता येते, वाचता येत नाही. सही करण्याआधी तो मराठीत वाचून दाखवायला सांगा, असे मी त्यांना आधीच सुचवले होते. गळा दाबल्याचा प्रसंग वाचला जात असताना त्या पहिल्यांदा रडल्या. स्वतःवर जे झाले ते दुसऱ्याच्या आवाजात, आपल्या भाषेत ऐकल्यावर ते खरेच तेवढे मोठे होते हे कळले, असे त्यांनी नंतर सांगितले.

नवरा-बायकोला समोरासमोर बसवून समेट घडवा, असा माहेरचा आग्रह होता. मी नकार दिला. हिंसा चालू असताना एकत्र समुपदेशन केले तर बाई खोलीत जे बोलते त्याची किंमत ती घरी मोजते. या कायद्याच्या २००६ च्या नियमांमध्येही समुपदेशनात हिंसेचे समर्थन करता येणार नाही, असे स्पष्ट म्हटले आहे.

सासूविषयी

सासूंना मी एकदाच भेटले. "आमीबी सोसलंच की," एवढेच त्या म्हणाल्या. त्यांच्या पाठीला बाक आहे आणि तो कशामुळे आला हे त्यांनी सांगितले नाही. वर उल्लेख केलेल्या पाहणीत कर्नाटकातील सुमारे ७७ टक्के स्त्रियांनी, विचारलेल्या कारणांपैकी निदान एका कारणासाठी नवऱ्याने बायकोला मारणे योग्य ठरवले होते. त्याच पाहणीत नवऱ्याची हिंसा सोसलेल्या १८ ते ४९ वयाच्या विवाहितांचे प्रमाण कर्नाटकात ४४.४ टक्के निघाले, आधीच्या फेरीत ते २०.६ होते, शेजारच्या महाराष्ट्रात २५.२ निघाले. ही वाढ टाळेबंदीमुळे झाली असे सरसकट बोलले जाते, परंतु कर्नाटकातील माहिती कोविड येण्याआधीच गोळा झाली होती. सासूंना या आकड्यांमध्ये कुणी मोजलेले नाही, त्यांचे वय उलटून गेले आहे. तिसऱ्यांदा कार्ड न मागणे हा त्यांनी सुनेला दिलेला आधार होता, असे मी समजते. ताईंनाही तसेच वाटते.

सद्यस्थिती

अंतरिम आदेश मिळाला. मारहाण करू नये आणि ताईंना घरातून काढू नये, असे त्यात आहे. संरक्षण आदेश मोडल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, हे नवऱ्याला समजावून सांगण्यात आले. आदेशाच्या दुसऱ्या दिवशी ताईंनी बेळगावातून पितळी कडी आणली आणि गावातल्या सुताराला बोलावले. जुन्या भोकांमध्ये स्क्रू धरेना, म्हणून त्याने कडी दोन बोटे वर बसवली.

आदेशानंतरही नवऱ्याने शिवीगाळ थांबवलेली नाही, तो घरखर्च देत नाही, आणि एकदा दारावर लाथाही मारल्या. त्याची तक्रार दिली आहे. ताईंची झोप आधी सुधारली, मनाची प्रसन्नता पुष्कळ मागाहून आणि थोडीच आली. पाच प्रश्नांच्या प्रश्नावलीत त्यांचे गुण आता ५० च्या आसपास घुटमळतात आणि न्यायालयाची तारीख जवळ आली की खाली येतात. मरणाचे विचार येत नाहीत. मानसोपचारतज्ज्ञांचे औषध चालू आहे. मोटारसायकलच्या आवाजाला त्या अजूनही दचकतात, आणि तो जोवर त्याच घरात राहतो तोवर ते दचकणे घालवायची घाई मी करणार नाही.

नवरा सुधारेल असे अजून वाटते का, हे मी शेवटच्या भेटीत विचारले. "सुदरला तर त्याचं बरं," ताई म्हणाल्या, आणि पगार आता कोणत्या खात्यात जमा करून घ्यावा, बेळगावच्या की चंदगडच्या, हे त्यांनी मला विचारले. त्यावर आम्ही अर्धा तास बोललो. दुपारच्या साडेतीनच्या बसने त्या गावी गेल्या.